आभाळ आणि अधिसूचना

२०२३ हे वर्ष नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक सहजासहजी विसरणार नाहीत. वर्षाच्या आरंभी भाव इतके कोसळले की राज्य शासनाला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि काढणीला आलेला उन्हाळ कांदा शेतातच भिजला. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी चाळ आहे त्यांना सांगायला नकोच. ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. नोव्हेंबरच्या अखेरीस निफाड परिसरात पुन्हा गारा पडल्या. एखाद्या गारपिटीचे खापर थेट हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु हवा तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते आणि पावसाचा लहरीपणा वाढतो, याविषयी आता वाद उरलेला नाही.

हे झाले आभाळाचे. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र शासनाने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरच्या अखेरीस प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला.

पीक कमी आले की भाव चढतो आणि थोड्या मालात का होईना, खर्च निघतो. कोणत्याही विमा कंपनीपेक्षा जुनी अशी ही शेतकऱ्याची भरपाई आहे. निर्यातबंदी नेमकी हीच भरपाई हिरावून घेते. आभाळाने माल नेला आणि अधिसूचनेने भाव नेला, असे एकाच हंगामात घडते. हवामान जितके बिघडेल तितकी टंचाई वारंवार येईल आणि तितक्या वेळा हाच उपाय योजला जाईल, ही माझी खरी चिंता आहे.

शहरातील रोजंदारीवरच्या कुटुंबाला महाग कांदा परवडत नाही, हा आक्षेप खोटा नाही. त्याला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे. मात्र त्याची किंमत सरकारी तिजोरीने द्यावी. गारपिटीत सापडलेल्या दोन एकरवाल्यानेच ती का द्यावी?

बाहेरचा ग्राहकही तुटतो. २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण आचाऱ्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे हसत हसत सुनावले होते आणि निदान पूर्वसूचना तरी द्यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. आपला शेतकरी तरी याहून वेगळे काय मागतो? कोणत्या भावाला कोणते निर्बंध लागतील हे रोपे टाकण्याआधी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत त्यात बदल होऊ नये, एवढेच. ८ डिसेंबरला बंदी आली तेव्हा उन्हाळ कांद्याचे बियाणे केव्हाच विकत घेऊन झाले होते, वाफ्यांत रोपे उभी होती आणि अनेक शिवारांत लागवडीसाठी मजूर सांगून ठेवले होते.