७६५ मिलिमीटरचं अर्धसत्य

उंची कमी असलेल्या माणसाने बाइक घ्यायचं मनावर घेतलं की त्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो : "क्रूझर घे, सीट खाली असते." मित्र हेच सांगतो, व्हिडिओत रिव्ह्यू करणारा हेच सांगतो, शोरूममधला सेल्समनही हेच सांगतो. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. सल्ला मात्र अर्धवट आहे, आणि तो ऐकणाऱ्याला दोन-अडीच लाखांना पडतो.

माझी उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच. वजन ५६ किलो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत दहा वर्षं पहिला नंबर माझाच, तोही फक्त तिथेच. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यातलं कौतुक संपून नुसती मूर्तीच उरली आहे. मी स्वतः क्रूझर चालवतो आणि मला ती आवडते. त्यामुळे हा लेख क्रूझरच्या विरोधात नाही. तो आहे त्या एका आकड्याच्या विरोधात, ज्याच्या जिवावर आपल्याला क्रूझर विकली जाते. सीट हाइट.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. अख्ख्या सिस्टिमची तब्येत कुणी एकाच आकड्यात सांगू लागलं, तर त्या आकड्याने काय झाकलंय ते आधी बघायचं. चला, बघू या.

रॉयल एनफिल्डच्या मिटिओर ३५० ची सीट हाइट ७६५ मिलिमीटर. हा आकडा रिकाम्या सीटचा आहे. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली जाते. किती, ते बसणाऱ्याच्या वजनावर अवलंबून. इथेच पहिली गंमत आहे. उंच आणि भारी माणूस बसला तर गाडी जास्त दबते, म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्यासाठी सीट आणखी खाली येते. माझ्यासारखा छपन्न किलोवाला बसला की गाडी थोडीशीच दबते. बुटका माणूस बहुतेक वेळा हलकाही असतो, म्हणून त्याला दोन्हीकडून मार बसतो.

आता हिशेब मांडू. माझ्या पायाची जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी ७३ सेंटिमीटर. बुटाचा तळवा अडीच सेंटिमीटर धरा. बेरीज साडेपंचाहत्तर. गाडी माझ्या वजनाने दोन सेंटिमीटर दबली असं धरलं तर सीट साडेचौऱ्याहत्तरवर आली. म्हणजे कागदावर माझे दोन्ही तळवे सपाट टेकतात आणि वर एक सेंटिमीटर उरतो. सल्ला देणारे इथेच थांबतात.

पण पाय सरळ खाली जात नाहीत. ते आधी रुंद सीटला वळसा घालतात आणि मग तिरके जमिनीकडे जातात. क्रूझरची सीट म्हणजे सोफाच, तिची रुंदी हेच तिचं आकर्षण. पाऊल शरीराच्या मध्यापासून वीस सेंटिमीटर बाहेर गेलं, तर पायथागोरसच्या हिशेबाने ७३ सेंटिमीटर पायाची उभी पोच ७० च्या जरा वर येते. बूट धरून पावणेत्र्याहत्तरच्या आसपास. सीट साडेचौऱ्याहत्तरवर. माझ्या टाचा जवळपास दोन सेंटिमीटर हवेत. आठवीतल्या भूमितीने सुटणारं हे गणित, पण सीट किती रुंद आहे हे ब्रोशरमध्ये छापलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट वजनाची. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझची सीट हाइट ७३७ मिलिमीटर, वजन १६३ किलो. रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिओर ६५० ची सीट हाइट ७४०, वजन २४१ किलो. 'सीट खाली असते' या तर्काने दोन्ही गाड्या बुटक्या माणसाला सारख्याच सोयीच्या. फरक फक्त ३ मिलिमीटरचा. प्रत्यक्षात दोघींमध्ये ७८ किलोंचं अंतर आहे, म्हणजे एक आख्खा धडधाकट माणूस. तो माणूस तुमच्या मागे बसलेला नाही. पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना तो तुमच्या मांड्यांवर बसलेला असतो.

वजनाचं आणखी एक आहे. गाडी सरळ उभी असते तेव्हा २०० किलोही हाताला लागत नाहीत. ती कलली की लागतात. गाडी ५ अंशांनी कललेली असताना तिला धरायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास तिप्पट १५ अंशांना लागतो. ज्याचे तळवे सपाट टेकलेत तो गाडी सरळच धरतो. ज्याच्या टाचा हवेत आहेत त्याला पाय नीट टेकवायला गाडी आधी थोडी कलवावी लागते. म्हणजे तो कमी उंचीने आणि जास्त वजनाने एकाच वेळी लढत असतो. त्यात आपण डावीकडून चालणारे लोक. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधतात. सिग्नलला डावा पाय टेकवायला गेलं की जमीन तिथेच खाली गेलेली असते, आणि कडेचा पेव्हर ब्लॉक खचलेला असेल तर ती अजून खाली जाते. शोरूमच्या गुळगुळीत टाइलवर पाय टेकले यावर विश्वास ठेवून हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उतरू नका. तिथे पाय एकदा नाही, चाळीस वेळा टेकवावा लागतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित : हात आणि फूटपेग. क्रूझर ही मुळात अमेरिकेतल्या लांब, सरळ, रुंद रस्त्यांवर वाढलेली जात. तिची सीट खाली आहे ती बुटक्यांवरच्या दयेपोटी नाही. लांब पायांच्या माणसाला पाय पुढे पसरून ऐटीत बसता यावं म्हणून ती खाली आहे. आपला फायदा हा त्यातून सांडलेला फायदा. पाय पुढे, हँडल उंच किंवा लांब, आणि मधे आपण. पाय आणि हात दोन्ही ताणले गेले की पाठीला बाक येतो आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. खड्डा आला तर उंच माणूस निदान सावरून बसतो. आपले पाय आधीच पुढे ताणलेले, त्यामुळे पेगवर जोर देऊन किंचित उठताही येत नाही.

ॲव्हेंजरच्या जुन्या जाहिरातीत ही गाडी चालवताना देव झाल्यासारखं वाटतं असं सांगायचे. वाटतही असेल. पण देवाला अरुंद गल्लीत यू-टर्न घ्यावा लागत नाही. हँडल पूर्ण वळवलं की बाहेरच्या बाजूची मूठ आपल्यापासून लांब जाते. हात आखूड असेल तर तळवा सुटतो आणि बोटांवर हँडल धरावं लागतं. डावीकडे वळताना लांब जाते ती उजवी मूठ, जिच्यावर ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक आहे. ॲव्हेंजरचा व्हीलबेस १४९० मिलिमीटर, ॲक्टिव्हाचा १२६०. लांब गाडीला वळायला जागाही जास्त लागते. याबद्दल सीट हाइटचा आकडा चकार शब्द बोलत नाही.

आता विरोधी बाजू. अनुभवी रायडर म्हणतील, "हे सगळं नवशिक्यांचं रडगाणं. एक पाय टेकला तरी पुरतो. टेक्निक शिका." त्यांचं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीचं मला मान्य आहे. थांबताना डावा पाय खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, हीच चांगली सवय. दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट चुकीचाच. स्पेनचा दानी पेद्रोसा जेमतेम १६० सेंटिमीटरचा. त्याने मोटोजीपीच्या सर्वोच्च गटात ३१ शर्यती जिंकल्या. धावत्या गाडीला उंची कळत नाही. पण पेद्रोसाला उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी बसल्या बसल्या मागे रेटत काढावी लागली नाही, आणि त्याच्यामागे दोन पिशव्या घेतलेली आईही बसलेली नव्हती. आपली अडचण ताशी ५ किलोमीटरच्या खाली सुरू होते. नेमक्या त्याच वेगाबद्दल ना जाहिरात बोलते ना रिव्ह्यू.

आणि 'टेक्निक शिका' या सल्ल्यात एक सोयीस्कर चलाखी आहे. जुळवून घ्यायची सगळी जबाबदारी शरीरावर टाकायची, यंत्राला काही विचारायचंच नाही. भारतात पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आणि बाईची १५२ च्या आसपास आहे. म्हणजे 'बुटका रायडर' ही बाजारातली अपवादात्मक व्यक्ती नाही. या देशात ती निम्मी गर्दी आहे. निम्म्या गर्दीने चवड्यांवर उभं राहायला शिकायचं, की गाडी बनवणाऱ्याने माप घ्यायला शिकायचं?

बायकांच्या बाबतीत तर हा आकडा उघडा पडतो. माझ्या बहिणीला शोरूममध्ये क्रूझरवर बसायच्या आधीच ऐकवलं गेलं, "मॅडम, तुमच्या हाइटला स्कूटर बरी." ॲक्टिव्हाची सीट हाइट साधारण ७६५ मिलिमीटर. मिटिओरचीही ७६५. जी उंची ॲक्टिव्हावर कुणाला दिसत नाही, ती क्रूझरजवळ गेल्यावर एकदम कशी दिसते? दोन्ही गाड्यांतला खरा फरक वजनाचा आहे : ॲक्टिव्हा १०६ किलोंच्या आसपास, मिटिओर १९१. हा फरक प्रामाणिकपणे सांगितला असता तर बहिणीने विचार केला असता, ढकलून बघितली असती, हो किंवा नाही म्हटलं असतं. पण वजन हा गाडीचा दोष ठरतो आणि उंची हा गिऱ्हाइकाचा. विकणाऱ्याला कोणता दोष सांगणं परवडतं, हे वेगळं सांगायला नको.

पुरुषांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने होते. आम्हाला कुणी अडवत नाही, उलट चढवतात. क्रूझर म्हणजे मर्दानी, आणि बुटक्या पुरुषाला मर्दानीपणाचं सामान विकणं सोपं. गाडी जड वाटते असं म्हणायची लाज वाटते, म्हणून आम्ही गप्प बसतो आणि सही करतो. ही लाज आधी घरी ठेवून या. गुडघा त्या गाडीखाली सापडला तर लाज उचलायला येणार नाही.

मग मागायचं काय? माझी मागणी फार मोठी नाही. बऱ्या सायकल कंपन्या फ्रेम लहान-मध्यम-मोठ्या मापांत विकतात आणि प्रत्येक मापाचा तक्ता देतात : हँडल किती उंच, किती लांब, कुठला नळ केवढा. सायकलचं वजन बारा-पंधरा किलो. १९१ किलोंच्या गाडीला मात्र एकच माप, फ्री साइज, आणि एकच आकडा. हार्ले डेव्हिडसन आपल्या गाड्यांची सीट हाइट रिकामी आणि माणूस बसलेली अशी दोन्ही देत आली आहे. तो माणूस ८२ किलोंचा धरलेला असतो ही गोष्ट वेगळी, पण निदान माणूस बसतो हे तरी मान्य केलंय. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ला वेगळी कमी उंचीची सीट देते. म्हणजे हे जमतं. सीटची रुंदी, सीटपासून हँडल आणि पेगपर्यंतचं अंतर, माणूस बसल्यावरची उंची, असे चार आकडे छापायला नवा कारखाना लागत नाही. ते त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या डिझाइनमध्ये आधीपासून पडलेले आहेत.

ते छापले जाईपर्यंत आपलं माप आपणच घ्यायचं. रोजचे बूट घालून जा, जाड तळव्याचे उसने नकोत. साइड स्टँडवरून गाडी स्वतः उचला, सेल्समनला मागून धरू देऊ नका. बसून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि लांबच्या मुठीवर तळवा राहतो का, ब्रेक-क्लच पूर्ण दाबता येतात का, ते बघा. शोरूमच्या रॅम्पवर बसल्या बसल्या गाडी मागे चढवून बघा. दोन फूट जरी सरकली तरी बरंच कळतं. आणि टाकीत किती पेट्रोल आहे ते विचारा. शोरूममधली गाडी बहुधा कोरडी असते. १५ लिटरची टाकी भरली की ११ किलो वाढतात, तेही वरच्या अंगाला, गुडघ्यांच्या मध्ये. शेवटी जो कायम मागे बसणार आहे त्याला बसवा आणि थांबा, निघा, पुन्हा थांबा.

या सगळ्यात गाडी पास झाली तर बिनधास्त घ्या, मग तिची सीट ७६५ असो वा ८०५. नापास झाली तर सीट ७४० असली तरी सोडा. बुटक्या माणसाला क्रूझर शोभते का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं नाहीच. कोणती क्रूझर, किती किलोंची, कुठल्या रस्त्यावर, कुणाला मागे घेऊन, हे विचारल्याशिवाय जो उत्तर देतो तो तुम्हाला सल्ला देत नसून गाडी विकतोय, मग तो तुमचा मित्र का असेना. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तुझ्या हाइटला ही गाडी झेपेल का?", तर सरळ विचारा : माझी उंची जगजाहीर आहे, या गाडीची मापं कुठे लिहिलीत?