शिक्षा संपते, हक्क संपत नाही

शिक्षा भोगून माणूस गावी परतला की लोक त्याचा गुन्हा आठवतात, त्याचे शरीर पाहत नाहीत. आत असताना मधुमेहाने पाय कापावा लागला असेल, डोळे गेले असतील, अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडली असेल. आता त्याच्याने विळाही धरवत नाही. तरी घरचेच म्हणतात, "सरकारकडे मागायचे कुठल्या तोंडाने?" आम्हांला हे मान्य नाही.

न्यायालयाने शिक्षा दिली, ती ठरावीक वर्षांची. त्यावर उपासमारीची शिक्षा जोडण्याचा अधिकार गावाला नाही. अपंगत्वाचा दाखला म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. डॉक्टर फक्त अपंगत्व तपासतात. ते ४० टक्के किंवा अधिक भरले, तर कायद्यातील बहुतेक सवलतींचा मार्ग मोकळा होतो. शिक्षा झालेल्याला दाखला देऊ नये, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

निवृत्तिवेतन मोठे नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. त्यासाठी अपंगत्व ८० टक्के, वय १८ ते ७९ आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील हवे. राज्ये त्यात भर घालतात, आणि काही राज्यांच्या स्वतःच्या योजना कमी टक्केवारीलाही लागू पडतात. रक्कम थोडी असली, तरी घरात कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे थोडे नव्हे.

मात्र तयारी तुरुंगातूनच व्हावी. कैद्याने आपला त्रास कारागृहाच्या डॉक्टरांना सांगून नोंद करून घ्यावी. उपचाराचे कागद व सुटकेचा कागद जपून आणावा. घरच्यांनी आधार कार्ड, रेशन कार्ड व बँकेचे पासबुक सांभाळावे. सुटल्यावर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करावा व बोलावतील त्या दिवशी सरकारी इस्पितळात तपासणीस जावे. हा दाखला देशभर चालतो. निवृत्तिवेतनाचा अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. दाखला मिळाला म्हणजे पैसे आपोआप सुरू होत नाहीत. कोणी अडवणूक केली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोठडीतील माणसाला आणि अपंगाला, दोघांनाही मोफत वकील मिळतो.

कोणी विचारील, "ज्याचे त्याने नुकसान केले, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. पीडितांना भरपाई देण्याचीही योजना आहे आणि तिचा अर्जही याच प्राधिकरणाकडे करता येतो. तोही जरूर करावा. परंतु एकाची भाकरी काढून घेतल्याने दुसऱ्याची जखम भरत नाही.

तुरुंगातील माणसाला भेटावे, हे आपण लहानपणापासून शिकत आलो. पण सुटून आलेल्याला भेटणे अधिक कठीण जाते, कारण तो आपल्याच शेजारी राहतो. आपल्या धर्मग्रामात असे कोणी असेल, तर या सुगीनंतर एक दिवस काढा. त्याचे कागद पिशवीत घाला, त्याला एसटीत बसवा आणि इस्पितळाच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहा.