इशारा कोठे लिहावा?

ई-सिगारेटच्या वेष्टनावरील आरोग्यविषयक इशारा किती ठळक असावा, याचा खल पाश्चात्य देशांत बरीच वर्षे चालू आहे. युरोपीय संघाने त्यासाठी वेष्टनाच्या दोन मोठ्या बाजूंचा ३० टक्के भाग राखून ठेवला, आणि निकोटिन हे व्यसन जडविणारे द्रव्य आहे, हे विधान अमेरिकेत २०१८ पासून सक्तीचे झाले. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने व त्यामागोमाग आलेल्या अधिनियमाने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांस मज्जाव केला, आणि विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. ही बंदी योग्यच होती.

परंतु बंदी असलेली वस्तू चोरवाटेने येते तेव्हा ती इशाऱ्यावाचून येते, किंवा परमुलखातील कायद्यास अनुसरून छापलेला मजकूर घेऊन येते, आणि खोके फेकून दिल्यावर तोही उरत नाही. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला आहे. ती भीषण चित्रे बालपणापासून पाहत आलेल्या उल्हासनगरच्या वा बदलापूरच्या तरुणाचा, जिच्यावर तसले चित्र नाही ती वस्तू निरुपद्रवी असावी, असा ग्रह झाला तर दोष त्याचा एकट्याचा कसा मानावा? फळांचा सुगंध, राख नाही, कपड्यांना वास नाही, म्हणून घरी आईलाही संशय येत नाही. आत मात्र तापलेल्या द्रवाच्या वाफेतून निकोटिनच छातीत उतरते, आणि तेही मेंदूची घडण पुरी होण्यापूर्वीच्या, पंचविशीच्या आतल्या वयात. ज्या अंबरनाथात विम्कोच्या कारखान्यात आगपेट्या तयार झाल्या, तेथल्या मुलाला या झुरक्यासाठी काडीसुद्धा ओढावी लागत नाही.

तेव्हा जो इशारा वेष्टनावर येऊ शकत नाही, तो गावाच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई असल्याचा फलक लावणे कायद्याने आधीच बंधनकारक आहे. त्याच फलकाशेजारी ई-सिगारेटविषयी चार ओळी वाढविण्यास नव्या कायद्याची गरज नाही. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांनी ही तजवीज करावी, स्थानकांकडे जाणाऱ्या वाटांवरही करावी, आणि उल्हासनगरात मराठी-हिंदीबरोबर सिंधीतही करावी. मजकुरात कैदेची धमकी विक्रेत्यास असावी; मुलाला तीच धमकी दिली, तर तो व्यसन लपवील आणि डॉक्टरांकडे जाण्यासही कचरेल. त्याला शरीरावरील परिणाम सांगावा, आणि सिगारेटच्या पाकिटांवर २०१८ पासून छापला जाणारा व्यसनमुक्तीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांकही द्यावा, कारण पाकीट कधी हाती न धरणाऱ्या मुलाच्या दृष्टीस तो आज पडतच नाही.