वलगणीच्या दिवसांत होडी काठाला असावी

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळून उल्हास नदीचे पाणी गढूळ होऊ लागले, म्हणजे कर्जतपासून कल्याणपर्यंतच्या दोन्ही काठांवर जी लगबग उडते, तिचे वर्णन या व्यवसायातील वाचकांस नव्याने करून सांगण्याचे प्रयोजन नाही. ओहोळांच्या मुखाशी, शेतांच्या बांधांपाशी, बंधाऱ्यांखालच्या उथळ पाण्यात, जेथे जेथे मासा प्रवाहाच्या उलट चढू पाहतो तेथे तेथे माणसे पाग घेऊन उभी राहतात, आणि अंड्यांनी पोट तटतटलेली वलगणीची मासळी बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात हातोहात खपते. काठावरून पाग फेकणाऱ्या कातकऱ्याविषयी किंवा ठाकराविषयी आमची तक्रार नाही; त्याची मजल त्याच्या बाहूंच्या बळाइतकीच, आणि त्याच्या घरची चूलही त्याच मासळीवर अवलंबून. आमचे निवेदन आहे ते होडीधारक बांधवांना, कारण काठावरचा माणूस जेथे कधीच पोहोचत नाही त्या खोल डोहापर्यंत होडी पोहोचते, आणि नदीतील मत्स्यसंपत्तीचे भांडवल त्या डोहांतच साठलेले असते.

हे डोह उन्हाळ्यातही भरलेले कसे राहतात, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. लोणावळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावून सुमारे 122 किलोमीटर वाहणारी ही नदी कोकणातील इतर नद्यांप्रमाणे चैत्र-वैशाखात डबक्या-डबक्यांची झाली असती. परंतु घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात अडविलेले आंध्रा नदीचे पाणी, जे निसर्गक्रमाने पूर्वेस भीमेच्या खोऱ्यात जावयाचे, ते टाटांच्या भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रातून खाली उतरून 1922 सालापासून पश्चिमेस उल्हासच्या खोऱ्यात येते, आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणातून सोडलेले पाणीही पुढे तिलाच मिळते. याच पाण्यावर अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याण ही शहरे जगतात, व ते उचलता यावे म्हणून बदलापूरला बॅरेज आणि त्याखाली आपटीला बंधारा उभा आहे. नगरांच्या तहानेपुढे या बांधकामांस कोणी हरकत घेणार नाही. मात्र पुराने बंधारा बुडेपर्यंत चढणीच्या माशाला ती भिंतच असते, तो तिच्या पायथ्याशी थव्याथव्याने खोळंबतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, त्याच आठवड्यात, होडीतून कांडाळी लावणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणे दळणास नेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की मत्स्यबीज आता विकत मिळते. ते खरे आहे, आणि त्याचे श्रेय मोठे आहे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांस बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले, तेव्हापासून मत्स्यजिऱ्यासाठी पूर आलेल्या नद्यांच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण उरले नाही. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेकडील मासे होत. आपल्या जलाशयांत ते बोटुकली सोडून वाढविले जातात व साचलेल्या पाण्यात सहसा वितही नाहीत. उल्हासचे स्वतःचे जे धन, ती शिंगटी, ती वाम, तो मळ्या, यांची बोटुकली आपल्याला कोणत्या केंद्रातून आणून कोण देणार? महसीरासाठी टाटांनी लोणावळ्यास वळवण येथे प्रजनन केंद्र चालवून दाखविले, ही स्पृहणीय गोष्ट. पण एका माशासाठी झालेला तो उद्योग प्रत्येक माशासाठी होईल, अशा भरवशावर डोह रिकामे करणे शहाणपणाचे नव्हे.

विष किंवा स्फोटके वापरून मासे मारण्यास 1897 सालच्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केलेली आहे, तरीही ते प्रकार संपलेले नाहीत. कायदा अमलात आणणारा इसम प्रत्येक डोहावर उभा करता येत नाही. समुद्रावरील आपले बांधव 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्यास लावतात, त्यात तोटा सोसतात, आणि तरीही त्या बंदीचे समर्थन करतात. गोड्या पाण्यातील होडीवाल्याने तेवढीच मुदत स्वखुशीने पाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात त्याच्या जिवाचेही हित आहे. बारवी धरणाची पातळी 72.60 मीटरला भिडली की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि खालच्या पात्रात ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या माणसाला वल्हे सावरण्याचीही सवड मिळत नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान या नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वेढली गेली व सुमारे 1050 प्रवाशांना बचावपथकांनी बाहेर काढले. ज्या पाण्याने आगगाडी अडविली त्यात हलकी होडी टिकेल, असा विश्वास कोणी बाळगू नये.

उल्हासनगरास या विषयात एक निराळे स्थान आहे. 1949 साली ज्या निर्वासितांच्या छावणीला या नदीचे नाव दिले गेले, ती सिंधू नदीच्या काठची माणसे होती. त्यांचा इष्टदेव झूलेलाल पल्ला माशावर आरूढ असतो, आणि होडीतच संसार करणारे मोहाणा कोळी हा त्यांच्या मातृभूमीचा एक अभिमानाचा भाग होता. नदीच्या माशाविषयी इतकी आदरबुद्धी ज्या समाजाच्या परंपरेत आहे, त्या समाजाच्या नगरालगत वालधुनीची जी अवस्था झाली ती पाहून मन विषण्ण होते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवालयाला वळसा घालून येणारी ही नदी रसायनांनी आणि सांडपाण्याने मासेमारीच्या हिशेबातून केव्हाच बाद झाली. 2014 साली तीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो नागरिक आजारी पडले. खेमाणी नाल्याचे सांडपाणी उल्हासच्या वाट्यालाही आले, आणि अशाच मैल्यावर पोसलेली जलपर्णी रायते-मोहने भागात पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते, तेव्हा होडी पुढे सरकत नाही आणि खाली प्राणवायूवाचून मासा गुदमरतो. मेलेला मासा पहाटे प्रथम पाहतो तो होडीवालाच. त्याने स्थळ, वेळ, पाण्याचा रंग आणि वास एवढे चार शब्द वहीत नोंदवून ठेवले, तर तक्रारअर्जाला आधार मिळतो. तोंडी बोभाट्याची दखल कोणतीही कचेरी घेत नाही.

तरी उल्हास व बारवी खोऱ्यातील मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी, मक्तेदारांनी आणि गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळांनी या महिन्याच्या सभेत दोन ठराव मंजूर करावेत: पहिल्या मोठ्या पावसापासून जुलैअखेरपर्यंत डोहांत व बंधाऱ्यांच्या पायथ्याशी होडीतून जाळे न टाकण्याचा, आणि मृत मासळीची नोंदवही ठेवण्याचा. ठरावांची एक प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरीत आणि एक आमच्याकडे पाठवावी. आलेले ठराव संस्थांच्या नावांसह आम्ही पुढील अंकात प्रसिद्ध करू.