डिसेंबरची सबब

नाताळच्या तयारीत शास्त्रवाचनाला वेळ उरत नाही, ही तक्रार गोवंडीत दर डिसेंबरात कानावर येते. ती करणारी माणसे आळशी नसतात आणि श्रद्धाहीन तर मुळीच नसतात. सकाळी हार्बरची गर्दी, दिवसभर ड्युटी, संध्याकाळी खोलीच्या रंगाचे काम, रात्री कॅरल राउंड, त्यात संडेस्कूलच्या नाटकाची तालीम, करंज्या-शंकरपाळ्या, नगर-जालन्याहून येणारे पाहुणे. महिना अंगावर कोसळतो हे खरेच आहे. म्हणून हा पूर्वपक्ष मी उडवून लावणार नाही. तो जितका भक्कम मांडता येईल तितका मांडतो, आणि मग तो का टिकत नाही ते सांगतो.

पहिले म्हणणे जागेचे. बैंगनवाडीत किंवा शिवाजीनगरात एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. टीव्ही चालू, कुकर चालू, शेजारी जरीकामाचे मशीन चालू. तिथे पवित्र शास्त्र उघडून चिंतन कुठे करायचे? वाचनाला एकांत लागतो आणि आमच्याकडे एकांतच नाही.

हे म्हणणे एकांताच्या वाचनालाच खरे वाचन समजते. आपल्या भाषेत ख्रिस्ताची कथा आली ती मात्र अशी आली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. ते मराठी ओव्यांत आहे, कारण ते जमलेल्या माणसांना मोठ्याने ऐकवायचे होते. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, पोथी लावून बसायची सवय होती. स्टीफन्सनी ती सवय ओळखली आणि तिच्यातच आपली कथा ठेवली. त्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. ‘पैले पुराण’ ३६ अवस्वरांचे, म्हणजे अध्यायांचे, आहे आणि ते सगळे जुन्या कराराचे आहे. येशूचा जन्म थेट ‘दुसऱ्या पुराणा’त. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी हजारो ओव्यांची वाट पाहावी लागते, मग बाळ जन्माला येते. आगमनकाळ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? हे पुराण पुढे हस्तलिखितांतून टिकले. जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळुरूला त्याची आवृत्ती काढली, ती ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या प्रतींमुळेच शक्य झाली. या घरांत प्रत्येकाला वाचनाची वेगळी खोली होती असे कोणी म्हणणार नाही. एक वाचत होता, बाकीचे कामे करता करता ऐकत होते. सहा माणसांची खोली अशा वाचनाला अडचणीची नाही, सोयीची आहे. श्रोते गोळा करायला कुठे जावे लागत नाही.

दुसरे म्हणणे याहून फार वजनदार आहे, आणि मंडळीतली सर्वांत चांगली माणसे तेच मांडतात. ते म्हणतात, वाचून काय होणार? आम्ही वचन जगतो. ब्लँकेटे वाटतो, शताब्दी रुग्णालयात रुग्णांना भेटतो, डम्पिंगच्या कडेला राहणाऱ्या मुलांसाठी खाऊ नेतो. याकोबाच्या पत्रातही नुसते ऐकणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला मान दिला आहे. मग दहा मिनिटे वाचनाला द्यायची की एका भुकेल्या घराला?

या प्रश्नातच घोळ आहे, कारण ही दहा मिनिटे भुकेल्या घरातून काढून घेतली जात नाहीत. ती कुठून निघतात हे डिसेंबरची कोणतीही रात्र पाहिली तरी कळते. पण वेळेचा हिशेब बाजूला ठेवला तरी मूळ मुद्दा राहतोच. याकोबाने ऐकणे वगळा असे म्हटलेले नाही. ऐकून तिथेच थांबणाऱ्याला त्याने दोष दिला आहे. जो ऐकतच नाही, तो नक्की काय आचरतो? आपल्या मनाचा चांगुलपणा आचरतो. तो मोलाचा आहे, पण तो थकतो, आणि तो नेहमी आपल्याला सोयीची माणसे निवडतो. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था पाहुण्यासाठी राबते आणि बहीण मरीया पायाशी बसून ऐकते म्हणून वैतागते. येशू मार्थेच्या कष्टांची टिंगल करत नाही, तिला कामचुकार म्हणत नाही. तिचे मन शंभर ठिकाणी ओढले गेले आहे, एवढेच तो दाखवतो आणि ऐकत बसलेल्या मरीयेला तिथून उठवायला नकार देतो. शिवाय ज्या प्रसंगाच्या लगेच नंतर हे येते तो प्रसंग चांगल्या शोमरोन्याचा आहे. लूकने सेवेची ती मोठी गोष्ट सांगितली आणि तिच्या पाठोपाठ ऐकण्याची ही गोष्ट ठेवली. एकीला दुसरीची जागा घेऊ दिली नाही.

आणि सेवेत बुडालेल्या माणसाला शास्त्राला वेळ मिळत नाही, असे ज्याला खरेच वाटते त्याने पंडिता रमाबाईंकडे पाहावे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया होत्या. त्यांचे जेवण, शेती, शिक्षण, आजारपण, छापखाना, सगळ्याचा भार या बाईंवर. कानांनी ऐकू येणे कमी झालेले. मुलगी मनोरमा १९२१मध्ये गेली. या सगळ्यात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ला त्यांचा अंत झाला तेव्हा भाषांतराचे काम संपलेले होते. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. सेवा आणि शास्त्र या दोन गोष्टींत निवड करावी लागते असे त्यांना कधी वाटले नाही. ज्या स्त्रियांना त्या भाकरी देत होत्या त्यांनाच हे पुस्तकही द्यायचे होते. त्या भाषांतराच्या वारसांनी वेळ नाही म्हणावे, हे मला मान्य होत नाही.

रविवारी मंदिरात ऐकतो तेवढे पुरे, असे म्हणणाऱ्यांविषयी थोडक्यात बोलतो. आगमनकाळाचे रविवार चार. वाचनक्रम पाळणाऱ्या मंडळ्यांत त्यांतला पहिला प्रभूच्या पुन्हा येण्याचा असतो, दुसरा-तिसरा बहुतेक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. जन्माच्या जवळ आपण पोचतो ते चौथ्याला. एखाद्याची रविवारची ड्युटी लागली की चाराचे तीन होतात. उपासनेतले वाचन घरच्या वाचनाला धरून चालते. घरी काहीच नसेल तर त्याचे तुकडे तुकडेच राहतात. फोनवर रोज सकाळी येणाऱ्या एका वचनाचेही तसेच. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातली सांत्वनाची हाक फुलांच्या चित्रावर छापून येते तेव्हा बाबेलच्या बंदिवासात घर गमावलेली माणसे त्यातून गायब झालेली असतात. ती माणसे गेली की सांत्वन कोणाला होते, हेच कळत नाही.

राहिले शेवटचे म्हणणे, जे कोणी उघड बोलत नाही पण बहुतेकांच्या मनात असते: ही गोष्ट आम्हाला पाठ आहे. लहानपणापासून दर वर्षी तीच.

पाठ काय आहे ते तपासावे. संडेस्कूलच्या नाटकात खाणावळवाला दार लावून घेतो. लूकमध्ये खाणावळवाला नावाचे पात्रच नाही, फक्त जागा नव्हती एवढे आहे. आपल्या गोठ्यात तीन राजे असतात; मत्तयाने त्यांना राजे म्हटले नाही आणि त्यांची संख्याही सांगितली नाही. हे चुका पकडण्यासाठी सांगत नाही, नाटकातले ते दार मुलांच्या मनात बसते याचा मला आनंदच आहे. पण जे पाठ आहे असे वाटते ते शास्त्र नसून आपले देखावे आहेत, एवढे यातून दिसते. आणि देखाव्यांतून जे गळले आहे ते फार मोठे आहे. हेरोदाने मारलेली बेथलेहेमची मुले गळली. मिसरला पळालेले कुटुंब गळले. म्हाताऱ्या शिमोनाने मरीयेला सांगितलेली तलवार गळली.

गोवंडीत बसून लूक वाचला तर तो आपल्याविषयी बोलतो, आणि हाच माझा मूळ पक्ष आहे. येशूच्या जन्माची गोष्ट सुरू होते ती सरकारी हुकमाने. कैसराला नोंदणी हवी, म्हणून गरोदर बायकोला घेऊन एका माणसाला नासरेथहून पूर्वजांच्या गावी जावे लागते. कागद, सर्वेक्षण, घरावर घातलेला नंबर, १ जानेवारी २००० आधीचा पुरावा, पात्र की अपात्र: या भाषेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना योसेफाच्या त्या प्रवासावर भाष्य लागत नाही. शुभवार्ता पहिल्यांदा कळते ती रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना. आपल्यातले सिक्युरिटीवाले, वॉर्डातल्या नर्स, देवनारच्या कत्तलखान्यातले कामगार याच वेळी जागे असतात. मरीया अलीशिबेकडे जाऊन जे गाते त्यात सिंहासनावरचे खाली येतात आणि भुकेले तृप्त होतात. महापालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात आपला एम पूर्व विभाग शहराच्या तळाला होता. १९२७पासून मुंबईचा कचरा ज्यांच्या शेजारी टाकला जातो त्यांनी हे गाणे मऊ आवाजात म्हणायचे कॅरल समजू नये. ही एका गरीब मुलीची देवाबद्दलची साक्ष आहे, आणि तिच्यावर आपला हक्क आहे. तो न वाचता मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. जखऱ्याला देवदूत भेटतो तो मंदिरात, धूप जाळण्याच्या सेवेत असताना. देवाच्या कामात तो पूर्ण गुंतलेला होता, तरी सांगितलेले त्याला पटले नाही, आणि पुढचे महिने तो मुका राहिला. मंडळीच्या डिसेंबरी कार्यक्रमांत गुंतलेल्या आपण सर्वांनी, पाळकांसह, हा उतारा आपल्याला लावून वाचावा. आणि चौथ्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो. काय करतो? यशयाचे पुस्तक हातात घेतो आणि मोठ्याने वाचतो. तिथूनच गावकरी चिडतात आणि त्याला कड्यावरून लोटायला नेतात. ज्याच्या जन्मासाठी आपण इतके राबतो त्याच्या सार्वजनिक कामाची लूकने रंगवलेली पहिली मोठी घटना म्हणजे शास्त्रवाचन. सभास्थानात जाणे ही त्याची सवय होती असेही लूक तिथे सांगतो.

आता एक आक्षेप असा येईल, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: वेळ नाही असे पुरुष म्हणतो तेव्हा तो थकलेला असतो, बाई म्हणते तेव्हा तिचा वेळ तिच्या हातातच नसतो. पाणी येईल तेव्हा भरायचे, आंघोळी, डबे, रात्री तळण. तिच्या दिवसात वाचनाचे आणखी एक काम घुसडले तर ते पाप होईल. म्हणून मी जे मागतो ते तिच्याकडून मागत नाही. ती करंज्या लाटत असेल तर नवऱ्याने किंवा मुलाने समोर बसून वाचावे, आणि आठवड्यातून काही रात्री लाटणे त्याने घ्यावे व तिने वाचावे. लूकचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरला पहिला घेतला तर २४ला शेवटचा येतो. मोठ्याने वाचायला सरासरी आठ-दहा मिनिटे पुरतात. गोवंडीहून सीएसएमटीपर्यंतच्या पाऊण तासात तर कितीतरी होईल. नाताळच्या आदल्या दिवशी क्रूस आणि पुनरुत्थान का वाचायचे, असे काहींना वाटेल. मला ते योग्यच वाटते. गव्हाणीतले बाळ कोण आहे हे त्या रात्री माहीत असावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायचे नाहीत, सरळ पुढचा घ्यायचा. थकबाकी साचली की माणूस पुस्तकच मिटवतो.

हे घराघरावर सोडले तर होणार नाही, हेही मला माहीत आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या जवळचा असतो आणि मंडळ्यांची डिसेंबरची पत्रिका त्याच्या दोन-तीन आठवडे आधी ठरते. त्या बैठकीत तीन गोष्टी मागाव्यात. कॅरलची एक रात्र कमी करावी आणि बाकी रात्री प्रत्येक घरी त्याच घरातल्या कोणाकडून, आजीकडून किंवा चौथीतल्या पोरीकडून, त्या दिवसाच्या अध्यायातला भाग वाचून घ्यावा. नाटक बसवण्याआधी मुलांना मत्तय आणि लूकचे पहिले दोन अध्याय पूर्ण वाचायला लावावेत आणि संवाद त्यांनाच लिहू द्यावेत. रात्रपाळीवाल्यांसाठी मंडळीतल्या एकाने रोजचा अध्याय आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवावा. पहिला अध्याय ८० वचनांचा, पुस्तकातला सर्वांत लांब. तो दोघांत वाटून घ्यावा, जखऱ्याचा भाग एकाने आणि मरीयेचा दुसऱ्याने.