ताटलीपाशी गुरगुरणारे मांजर

नंदुरबार, शहादा, तळोदा येथील बाजारपेठांत भुसाराचे दुकान आणि राहते घर अजूनही पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली असते. पुढे पेढी, मागे कोठार, माडीवर बिऱ्हाड. पावसाळ्याच्या तोंडाशी अशा कोठारात बरगड्या दिसणारे एखादे मांजर येऊन बसते. मुले त्याला उचलून वर आणतात आणि आजी दुधात पोळी कुस्करून त्याच्यापुढे ठेवतात. मांजर न चावता सारे गिळते. दोन-चार दिवस घर कौतुकाने पाहते. मग एके सकाळी ताटली उचलायला कोणाचा तरी हात पुढे जातो, आणि मांजर कान मागे टाकून गुरगुरते, पंजा मारते, कधी चावतेही. त्या दिवसापासून ते हावरट आणि कृतघ्न ठरते, आणि त्याला नदीपलीकडे सोडून येण्याची भाषा सुरू होते.

शास्त्रकारांनी जीवाच्या चार संज्ञा सांगितल्या आहेत: आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. तिर्यंच गतीत आहारसंज्ञा प्रबळ असते, असे आगमांत म्हटले आहे. ताटलीवर गुरगुरणाऱ्या मांजराकडे पाहिले की आहार, भय आणि परिग्रह या तिन्ही संज्ञा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, आणि त्या गुंत्याच्या मुळाशी भय असते. उकिरड्यावर वाढलेल्या पिल्लाला जे मिळते ते तत्क्षणी गिळावे लागते. मागून कुत्रा येतो, मोठे मांजर येते, माणूस दगड मारतो. सावकाश खाणारे पिल्लू तेथे जगत नाही. घरात आल्यावर ताटली भरलेली असते. पण ती उद्याही भरलेली असेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून भांड्याचा आवाज होताच ते पायांत घोटाळते, आर्त ओरडते, जेवणाऱ्यांच्या ताटावर झेप घेते, घाईने गिळून लगेच ओकते, पोळीचा तुकडा पलंगाखाली ओढून नेते आणि जवळ येणाऱ्यावर फिस्कारते.

भुकेने स्वभाव कसा पालटतो याची साक्ष माणसांनीही दिली आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने आलेले होते, आणि शस्त्र हाती घेण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेले होते. म्हणजे हिंसेचा त्याग करणारी, संयमी माणसे. काही महिन्यांच्या अपुऱ्या अन्नानंतर ती ताटे चाटू लागली, एकेक घास लांबवू लागली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, चिडचिडी झाली. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची ही ओढ लगेच सुटली नाही. विवेक असलेल्या माणसांची ही स्थिती, तर मुक्या जीवाकडून चार दिवसांत शहाणपणाची अपेक्षा करणे अन्यायाचेच आहे.

मांजरांतील हा विकार पशुवैद्यकांच्या अभ्यासाचा विषय आहे. इटलीतील पाडुआ विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१२ साली आठ महिन्यांच्या एका सयामी बोक्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची अन्नावरची झडप आणि त्यापायी येणारा आक्रमकपणा विकोपाला गेला होता. शिक्षा न करता, जेवणाच्या वेळची त्याची आरडाओरड दुर्लक्षित करून, अन्नाजवळ शांत राहण्याची सवय लावून आणि खेळात रमवून काही महिन्यांत तो बोका निवळला. काही महिन्यांत, हे ध्यानात घ्यावे, आठवड्यात नव्हे.

आपल्या घरांत मात्र अजाणता या भयाला खतपाणी मिळते. दुकानदाराच्या घरी मांजराच्या जेवणाला वेळ नसते. ज्याला आठवले त्याने वाढले, कधी तिघांनी वाढले, लग्नसराईत कोणीच वाढले नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर मिटते आणि सकाळी नवकारसीनंतरच उघडते. मांजर तर तिन्हीसांजेला आणि पहाटे सर्वांत जागे असते, आणि निसर्गतः दिवसरात्र मिळून अनेक लहान घास घेणारे असते. त्याला बारा-तेरा तास रिते ठेवून पहाटेच्या ओरडण्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. घराचा नियम न मोडता वाट निघते. दिवसाचे खाणे चार-पाच वेळांत विभागावे आणि शेवटचा मोजका कोरडा वाटा सूर्यास्तापूर्वीच छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवावा. पंजाने एकेक दाणा काढताना मांजराची रात्रही सरते आणि गिळण्याची घाईही कमी होते.

उपवास हे स्वेच्छेचे तप आहे. मांजराच्या वाट्याला येते ती केवळ उपासमार. मांजराचे शरीर उपासाला फार कच्चे असते. काही दिवस पोटात अन्न गेले नाही तर अंगातील चरबी यकृतात साचून ते प्राणावर बेतू शकते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. 'गुरगुरते ना, मग आज ताटलीच देऊ नका' ही शिक्षा म्हणूनच दुहेरी घातक आहे. तिने शरीर खंगते आणि भय खरे ठरते. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध गणला आहे, तो बांधणे आणि मारणे यांच्याच पंक्तीत. पशूला धाक दाखवण्यासाठी अन्न अडवणे ही पुरातन खोड आहे, हे त्या सूचीवरूनच कळते.

यापुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. दूधपोळीने मांजराचे पोट भरते, शरीर भरत नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, हगवण लागते. शिवाय टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावे लागते आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसते. त्याच्या अभावी मांजराचे नेत्रपटल झिजते, हे १९७५ साली, आणि हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. गाजरातील रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ बनवणेही मांजराला साधत नाही. दूधपोळीवरचे मांजर सदैव वखवखलेले दिसते, त्याचे एक कारण हेच असावे. (कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी नासवतात, तेवढ्यापुरते जैन स्वयंपाकघर त्याला इतरांहून सुरक्षित.)

मग मांसाहारी जीव पोसावा की पोसूच नये? हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकातील योगशास्त्रात पंधरा कर्मादानांपैकी असतीपोषणाचा अर्थ सांगताना पोपट, मैना, कोंबडे यांच्याबरोबर मांजराचेही नाव घेतले आहे. पण तेथे धनासाठी पोसण्याचा निषेध आहे. कोठारातील उंदरांसाठी मांजर ठेवणे, आणि ते उंदीर धरील म्हणून त्याला मुद्दाम उपाशी ठेवणे, हे सरळ त्या निषेधात बसते. पोटभर जेवलेले मांजरही शिकार करतेच. उपासाने फक्त त्याची वखवख वाढते. दारी आलेल्या मरणासन्न जीवाला वाचवणे ही गोष्ट वेगळी. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयात शाकाहारी पक्षी दाखल करून घेतले जातात. शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना तेथे मुक्काम नसतो. उपचार नाकारला नाही आणि नियमही मोडला नाही. प्रत्येक घराने आपली रेषा अशीच विचारपूर्वक आखावी. कृत्रिम टॉरिन घातलेले संपूर्ण शाकाहारी खाद्य मिळते. ते घ्यायचे तर पशुवैद्याच्या देखरेखीखालीच, कारण अशा आहारावर लघवीत खडे होण्याची शक्यता तपासत राहावी लागते. कोणी घराबाहेर, ओट्यावर, नेहमीचे तयार कोरडे खाद्य देणे पत्करील. दोन्ही मनाला पटत नसेल तर मांजराला योग्य आहार देऊ शकणारे दुसरे घर शोधून द्यावे. त्यात दयेला कमीपणा नाही. अर्धपोटी सांभाळ मात्र कोणत्याच बाजूने समर्थनीय ठरत नाही.

नोकराकरवी कच्चे कोंबडीचे तुकडे आणवणे तर सर्वच दृष्टींनी टाळावे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू याच जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटशाळांत आढळला, २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. हा विषाणू मांजरकुळाला मारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले.

प्रत्यक्ष सवय मोडण्याआधी मांजराला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पोटातील जंत, दुखरे दात, वय झालेल्या मांजरात मधुमेह किंवा थायरॉइड यांमुळेही अशी भूक दिसते. फार खंगलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी भरमसाट वाढू नये, थोडे थोडे द्यावे. त्यानंतर वेळा ठरवाव्यात आणि वाढण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. ताटली भिंतीच्या कोपऱ्यात, रहदारीपासून दूर असावी. दुसरे मांजर असेल तर त्याची ताटली नजरेआड असावी. मांजर खात असताना तिला हात लावू नये. लांबून जाताना एखादा अधिक आवडीचा घास तिच्याजवळ टाकावा आणि पुढे निघून जावे. माणूस येतो तो घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी, हे मांजराला अनुभवानेच कळते. अंतर दिवसादिवसाने कमी करावे. गुरगुर ऐकू आली तर पुन्हा मागे सरावे. लहान मुलांना या काळात दूर ठेवावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावे. घरचे मांजर म्हणून दिरंगाई नको.

सुधारणा झाल्याची खूण लहानशीच असते. एखाद्या दुपारी मांजर ताटलीत चार दाणे तसेच ठेवून उठते, अंग चाटते आणि पेढीच्या गादीवर जाऊन झोपते. ते दाणे त्या दिवशी उचलू नयेत.