डॉइलचा दुसरा भाग मध्येच पळवू नका

‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) अनेकांना आठवतो तो एका पाठलागासाठी: वर रुळांवरून सुटलेली लोकल आणि खाली तिच्यामागे सुसाट मोटार. त्याचा दुसरा भाग १९७५ साली आला. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन जाऊन जॉन फ्रँकेनहायमर आले. हा भाग लोक सुरू करतात आणि ‘संथ आहे’ म्हणून पुढे पळवतात. माझी विनंती आहे, तेवढं करू नका.

आधी पहिला भाग पाहून घ्या. त्यात पोलीस पॉपाय डॉइल न्यूयॉर्कच्या बारमध्ये शिरून काळ्या गिऱ्हाइकांना भिंतीला लावतो आणि शिव्या घालतो. चुकून आपल्याच बाजूच्या अधिकाऱ्याला गोळी घालूनही त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. असा हा माणूस दुसऱ्या भागात निसटलेल्या हेरॉइन तस्कर शार्निएच्या शोधात मार्सेलला येतो. तिथे त्याला कुणी विचारत नाही आणि त्याला फ्रेंचचा गंध नाही. फ्रेंच संवाद कळले नाहीत तर तुम्हीही अडू नका. डॉइललाही ते कळत नाहीत.

मग शार्निएची माणसं त्याला उचलतात, हेरॉइन टोचून टोचून सवय लावतात आणि पोलिसांच्या दारात आणून टाकतात. फ्रेंच अधिकारी बार्तेलेमी त्याला कोठडीत कोंडतो. लोक पळवतात तो नेमका हा भाग. गर्दुल्ल्यांना तुडवणारा पोलीस आता स्वतः एका सुईसाठी गयावया करतो, रडतो, बेसबॉलपटू मिकी मँटलबद्दल बोलत सुटतो, आणि बार्तेलेमीला बेसबॉल म्हणजे काय तेही माहीत नाही. जीन हॅकमनला ऑस्कर पहिल्या भागासाठी मिळालं. मला त्याचं खरं काम या कोठडीत दिसतं. आपल्याकडे बाजीराव सिंघम दुसऱ्या भागात आणखी मोठा होतो. डॉइल इथे लहान होतो, आणि म्हणूनच पहिल्यांदा माणूस वाटतो.

लहान मुलं जवळ असताना मात्र लावू नका. आणि घरात कुणी व्यसनात अडकलं असेल तर सिनेमातलं पाहून खोलीत कोंडण्याचा प्रयोग करू नका. डॉक्टर गाठा, पुण्यात मुक्तांगणसारखं केंद्रही आहे.

शेवटचा पाठलाग पायी आहे, मोटार नाहीच. डॉइल धापा टाकत बंदराच्या कडेने पळतो. पुढचं सांगत नाही. सिनेमा इतका अचानक संपतो की वीज गेली असं वाटेल. गेलेली नसते.